सोन्याच्या आरशाचं टोपण

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लिहिते. मजकूर एका पानात बसला पाहिजे, बसस्टँडवर उभ्या उभ्या वाचून झाला पाहिजे आणि वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, असं आमच्या अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या गटातल्या थोरल्यांनी मला शिकवलं. हे लिहिणं एका पानात बसणार नाही. राग कुणावर काढायचा तेही आधीच सांगून टाकते. माझ्यावर.

माझे वडील, अप्पा, लेथवर काम करायचे. मूळ गाव माकणी. तिथलं रान भावांकडं सोपवून ते तरुणपणीच धाराशिवला आले आणि स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला एका पत्र्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ मशीन टाकून बसले. मोटारीचे शाफ्ट, पंपाचे बुश, उसाच्या चरकाच्या पिना, जे येईल ते करून द्यायचे. शेजारच्या गाळ्यात चाचांचं वेल्डिंग. अप्पा कापायचे, चाचा जोडायचे. दोघांत मिळून एकच चहा यायचा आणि तो कुणी सांगायचा यावरून रोज भांडण व्हायचं.

शाळा सुटली की मी दप्तर घेऊन गाळ्यावरच जायची. सात-आठ वर्षांची असताना एकदा अप्पांनी माझ्या वेणीतला एक केस उपटला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि मला वाचायला लावलं. शून्य दशांश शून्य सात मिलिमीटर. "हे ध्यानात ठेव," म्हणाले, "बारीक म्हंजे किती बारीक, ते तुज्या डोक्यावरच हाय." दुसरी गोष्ट त्यांनी मला शिकवली ती पुसायची. घासून गुळगुळीत केलेल्या कुठल्याही वस्तूला थेट फडकं लावायचं नाही. आधी फुंकर, मग ब्रश, मग फडकं. "फडक्याखाली एक कण जरी ऱ्हायला तरी तो नांगर धरतो," असं ते म्हणायचे. हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पुढं जे सांगणार आहे त्याच्यासाठी एवढं लक्षात ठेवा, की मला हे पाठ होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भौतिकशास्त्र शिकत शिकत तो पार लांबच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पोचला. तिथं अंतराळात पाठवायची उपकरणं तयार करतात. "कुठं धाराशिव आणि कुठं अंतराळ," असं आमच्या गल्लीत प्रत्येकानं किमान एकदा तरी म्हटलं असेल. मला या वाक्याचा फार संताप येतो. जणू काही आकाश पुण्यापासून सुरू होतं.

दादाचं काम काय, हे अप्पांना कळायला एक जेवण लागलं. मला कळायला दोन वर्षं लागली, हे आधी कबूल करते. दादा भाकरीचा तुकडा मोडत सांगत होता, की प्रत्येक वायूचे कण आपापल्या ठरलेल्या लहरी तेवढ्या गिळतात, बाकीच्या सोडून देतात. कुठल्या लहरी गायब झाल्या ते पाहिलं की समोर कुठला वायू आहे ते कळतं.

अप्पा म्हणाले, "म्हंजे बेअरिंगसारखं. मोटर चालू केली की आवाजावरनं कळतं कुठलं बेअरिंग गेलंय. खोलून बघायला लागत न्हाय."

दादा घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, "अप्पा, हे मी माझ्या भाषणात घेणार."

"घे की. पर माजं नाव नगं घालू. गिऱ्हाइक म्हणंल हा आता अंतराळाचा भाव लावणार."

आई हसली. तेवढी एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते.

दादाच्या उपकरणाचे दोन भाग होते. एक टेराहर्ट्झ लहरींचा. या लहरी रेडिओच्या पुढच्या आणि उजेडाच्या अलीकडच्या, आणि हवेतली वाफ त्यांना खाऊन टाकते. म्हणून जमिनीवर चाचणी घेताना सगळं खोकं कोरड्या वायूनं भरून ठेवावं लागतं. दुसरा भाग लेझरचा. त्यात दोन वाटीसारखे आरसे समोरासमोर ठेवलेले, मध्ये वायू. लेझरचा किरण एका बारीक भोकातून आत सोडायचा, की तो या आरशावरून त्या आरशावर पुन्हापुन्हा आपटत राहतो, कितीतरी वेळा. वीतभर जागेत किरणाला लांबच लांब वाट चालायला लावायची, म्हणजे अगदी विरळ वायूसुद्धा सापडतो. हे सगळं आधी एका मोठ्या फुग्याला टांगून विरळ हवेत पाठवायचं आणि तिथं टिकलं तर पुढं कधीतरी यानावर. फुग्यावर जागा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. दादाच्या गटाला ती मिळाली होती.

आरसे धरून ठेवायच्या कड्या हव्या होत्या. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये लांबलचक रांग. दादानं साहेबांना विचारून चाचणीच्या नमुन्यापुरत्या कड्या अप्पांकडून करून घेतल्या. बारीक आटे, हलकं अ‍ॅल्युमिनियम. अप्पांनी त्या पंधरा दिवसांत कुणाचा शाफ्ट हातात घेतला नाही. गिऱ्हाइकं चाचांकडं जाऊन कुरकुरायची. चाचा सांगायचे, "उनका दिमाग आजकल ऊपर है, फुग्यावर. तुमी पुढच्या हप्त्यात या."

एक कडी किंचित सैल झाली. म्हणून दादा दसऱ्याच्या सुट्टीत आला तेव्हा ती कडी आणि तिच्यात बसायचा आरसा, दोन्ही घेऊन आला. आरसा आणायला नको होता, हे तो नंतर स्वतःच म्हणाला. काचेवर सोन्याचा थर, वर दुसरं काहीही संरक्षण नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आईच्या डोरल्याची आठवण झाली. अप्पांनी एका दिवसात नवी कडी कातली, दादानं हातमोजे घालून आरसा तिच्यात बसवला. कुठंही न हलता बसला. अप्पांनी चष्मा काढून पुसला. फुंकर मारून.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

ज्यांच्या घरात हत्यारं आहेत त्यांना खंडेनवमी काय ते सांगायला नको. त्या दिवशी लेथ चालत नाही. मशीन रॉकेलनं पुसून लख्ख करायचं, झेंडूचा हार घालायचा आणि समोर पाटावर सगळी हत्यारं मांडून हळदीकुंकू वाहायचं. अप्पांनी व्हर्निअर मांडला, मायक्रोमीटर मांडला, टूल मांडले. आणि मधोमध ती कडी मांडली, आरशासकट, प्लास्टिकच्या डबीचं झाकण उघडून. आयुष्यात केलेलं सगळ्यात बारीक काम ते. दुसरं कुठं ठेवणार होते?

दादा परतीच्या तिकिटासाठी स्टँडवर गेला होता. मी त्या दिवशी सकाळी एका गावात अंगात येण्याच्या प्रकाराविरुद्ध बोलून, शिव्या खाऊन, एसटीच्या धक्क्यांनी अंग मोडून गाळ्यावर पोचले होते. आत शिरले तर अप्पा अनामिकेनं कडीच्या काठाला कुंकू लावत होते. आणि लाल चिमूट आत, सोन्यावर सांडली होती.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहवत नाही. "तुमच्यामुळंच हा देश" इथून सुरू झालं एवढं सांगते. रस्त्यावरची माणसं थांबली. अप्पांचा हात तसाच हवेत राहिला, बोटाला कुंकू. ते म्हणाले, "अगं, काठालाच लावत हुतो. चुकून सांडलं. दादाला बोलवून आणतो, थांब." आणि चप्पलसुद्धा न घालता बाहेर पडले.

मी थांबले नाही. ओढणीचं टोक घेतलं आणि आरसा पुसला. दोनदा गोल फिरवून पुसला. लाल गेलं. सोनं पुन्हा चमकायला लागलं. मला वाटलं, झालं काम.

अप्पा धापा टाकत परत आले, दादा सापडला नव्हता. आरशाकडं पाहिलं.

"ग्येलं?"

"गेलं."

"कशानं काढलंस?"

मी म्हटलं, "फुंकरीनं."

का म्हटलं? कारण पुसलं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न त्यांचा झाला असता आणि त्या दिवशी प्रश्न फक्त मी विचारणार होते. एवढंच कारण. दुसरं काही शोधू नका, मी शोधून बघितलंय.

दादा परत गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला. किरण आरशांमधून फिरून बाहेर येईपर्यंत मरतोय, असं तो म्हणाला. दिव्याखाली आडवा धरून पाहिला तर त्या आरशावर ओरखडे आहेत, डोळ्याला सरळ दिसत नाहीत असे. टेराहर्ट्झच्या लहरी जाडजूड असतात, त्यांना असल्या ओरखड्यांचं काही वाटत नाही. लेझरचं तसं नाही, आणि तो त्याच आरशावर पुन्हापुन्हा येऊन आपटतो. एक ओरखडा एकदाच नडत नाही, प्रत्येक फेरीला नडतो.

"कुणी पुसला होता का गं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "अप्पांनी त्याच्यावर कुंकू सांडलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नाही. पत्रकं लिहिणाऱ्याला ही कला येते. विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारचं खरं उत्तर द्यायचं.

दादा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

नवा आरसा घडवून त्यावर सोनं चढवून यायला महिने गेले. चाचणी अडली, पण फुगा थांबला नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्यातरी गटाचं उपकरण वर गेलं.

अप्पांनी जेवताना विचारलं, "कशानं ग्येला म्हंतो आरसा?"

मी म्हटलं, "कुंकवात चुना असतो अप्पा. सोनं खातो."

चुना सोन्याला काहीही करत नाही. सोन्याला सहसा काहीच काही करत नाही, म्हणून तर ते सोनं. हे शाळेच्या पुस्तकात आहे. मी विज्ञानाची कार्यकर्ती. गावोगाव उभं राहून सांगते, की पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि माझ्या बापाला मी घरच्या ताटावर बसून खोटं रसायनशास्त्र सांगितलं. त्यांनी ते मानलं, कारण शिकलेल्या पोरीनं सांगितलं होतं.

इथंच थांबले असते तरी चाललं असतं. मी त्यावर पत्रक लिहिलं. "आरशावर कुंकू!" असा मथळा. एका वडिलांच्या भाबडेपणानं अंतराळ संशोधनाची संधी कशी गेली, याची गोष्ट. नाव घातलं नव्हतं. पण धाराशिवात अंतराळाचं काम करणारा पोरगा असलेले लेथवाले किती जण असणार? गुलाबी कागदावर छापलं. कॉलेजात वाटलं, स्टँडवर वाटलं, सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेला गेलेल्यांच्या हातात दिलं. गटाच्या बैठकीत माझं कौतुक झालं. स्वतःच्या घरापासून सुरुवात करायला धाडस लागतं, असं एक जण म्हणाले. मी मान खाली घालून कौतुक घेतलं. लाजल्यासारखं केलं.

पुढच्या खंडेनवमीला अप्पांनी मशीन पुसलं, हार घातला. पाटावर कुंकवाची डबी नव्हती. चाचा पेढे घेऊन आले. ते दरवर्षी आणायचे, पहिला पेढा लेथवर ठेवायचे आणि दुसरा अप्पांच्या तोंडात कोंबायचे. त्यांनी पाट पाहिला. "कुंकू कुठाय?"

"न्हाय लावत आता. पोरगी म्हंती त्ये बरोबर हाय."

मी तिथंच उभी होते. आणि मला आनंद झाला. खरं आहे ते. मला वाटलं, एक माणूस बदलला.

दादाच्या गटाचं उपकरण नंतर नव्या आरशानं चालायला लागलं. पुढच्या कड्यांसाठी त्यानं अप्पांना दोनदा विचारलं. अप्पा दोन्ही वेळा म्हणाले, "तिकडंच कर बाबा. माजं आपलं लोखंडाचं काम. म्या हात लावायचा म्हंजे परत काय तरी व्हायचं." हे म्हणताना हसायचे. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना हसायचे तसं.

ते गेले मागच्या उन्हाळ्यात. गाळ्यावरच. मशीन चालू होतं, ते चाचांनी येऊन बंद केलं.

तेरावा झाल्यावर मी आणि दादा गाळा आवरायला गेलो. चाचा बाहेर उभे होते. म्हणाले, "बेटी, लेथच्या खालचा खण बघ. तो कुणाला उघडू द्यायचा न्हाय तुजा बाप."

खणात ब्लेडं होती, एक तुटका चष्मा होता. आणि माझं गुलाबी पत्रक, चौपदरी घडी घातलेलं. मी उलगडलं. मी लिहिलं होतं, की सोन्याचा थर केसाच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला अप्पांचं अक्षर: केस = ०.०७. थर त्याच्या दहाव्या भागापेक्षा लई बारीक. दादाला विचारून घे. बाकी एकाही ओळीला रेघ नव्हती.

पत्रकाच्या पाठीवर एक आकृती होती. गोल, तिच्यात गोल, बाजूला मापं. आणि घडीच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली, त्या आकृतीची वस्तू. पितळेचं टोपण. कडेला बोटांना पकड यावी म्हणून खाचा, आत बारीक आटे.

चाचा दारातूनच म्हणाले, "आठ महिने करत हुता. केलं की मोडायचा, केलं की मोडायचा. मी म्हटलं, यार, ये क्या है? तर म्हणला, आरशाला टोपण. माज्यासारख्या अडाण्याचा हात लागू नये म्हणून. मी म्हटलं, मग दे की पोराला. तर म्हणला, कुठल्या तोंडानं देऊ?"

दादानं टोपण हातात घेतलं, उलटं केलं, आत बोट घातलं. "आत पोकळी ठेवलीय," म्हणाला, "आरशाला कुठंच लागू नये म्हणून." मग खाली बसला.

मी त्याला तिथं सांगितलं. ओढणी, दोन वेळा गोल, फुंकर, सगळं.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"ओरखडे गोल होते. सांडलेलं कुंकू गोल फिरत नाही. आणि अप्पांनी कधी काही तसं पुसलंय का?"

"मग तू अप्पांना का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

त्यानं हे रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. तो रडत होता. मला म्हणाला, "मीही दोषी आहे, मी आरसा आणायला नको होता, मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "गप बस, यात वाटेकरी घेणार नाही मी."

टोपण दादा घेऊन गेला. तो जुना आरसा त्यानं कडीसकट टेबलावर ठेवलेला आहे. पोचल्यावर त्याचा फोन आला. "बसलं," म्हणाला, "पहिल्या आट्यात बसलं." कडी समोर नसताना, नुसत्या आठवणीतल्या मापावर. नव्या उपकरणाच्या कडीची मापंही तीच आहेत, तिलाही बसलं. पितळ जड, ते वर जाणार नाही. पण उपकरण टेबलावर असेल तेव्हा ते त्याच्यावर असतं. त्यावर लाल रंग दिलाय, कारण उड्डाणाआधी काढायच्या वस्तू लाल असाव्या लागतात. सगळ्यात शेवटी ते काढायचं आणि मग उपकरणाचं खोकं बंद करायचं.

यंदाच्या खंडेनवमीला मी गाळा उघडला. मशीन विकायचं ठरलेलं नाही, चालवणारंही कुणी नाही. मी ते साफ केलं. आधी फुंकर, मग ब्रश, मग फडकं. दुपार झाली. चाचा पेढे घेऊन आले. पहिला पेढा लेथवर ठेवला. मग खिशातून एक पितळेची छोटी डबी काढून माझ्यासमोर धरली. अप्पांची कुंकवाची डबी.

"माज्याकडं ठेवायला दिलती," म्हणाले. "घरात ठेवली तर पोरगी चिडंल, फेकायला जीव व्हत न्हाय, म्हणला. तीन वर्सं माज्या वेल्डिंगच्या रॉडच्या पेटीत हाय."

मी डबी घेतली. कुंकू लावलं नाही. मी मानत नाही ते, आजही नाही, आणि या सगळ्यानं त्यात काही बदललेलं नाही. आरसा कुंकवानं गेला नाही म्हणून कुंकू खरं ठरत नाही. डबी मी टोपणाच्या रिकाम्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवली.

मग म्हटलं, "चाचा, तो आरसा अप्पांनी घालवला नव्हता. मी ओढणीनं पुसला. ओरखडे माझे होते."

चाचांच्या हातात उरलेला पेढ्याचा पुडा होता. त्यांनी तो मिटून लेथवर ठेवला.

"हे त्याला सांगायचं हुतं, बेटी."

"व्हय."

ते आपल्या गाळ्यात गेले, काच तोंडावर ओढली आणि त्यांनी वेल्डिंग सुरू केलं. सणाच्या दिवशी ते कधीच काम करत नसत.